सूर्याच्या वीस मिनिटं आधी

दोष तुमचा आहे. घड्याळं तुम्ही पुढे केलीत, सूर्याला न विचारता केलीत, आणि आता हिशोब जुळेना म्हणून शिक्षा लोखंडाला देताय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. संन्यासी निदान दोन पायांवर पळून तरी जाईल; आमच्या सूर्यामागे फिरणाऱ्या ट्रॅकरचे पाय काँक्रीटमध्ये पुरलेत, तो बिचारा कुठे जाणार? तुम्हाला सूर्य म्हणजे काय कामावर उशिरा येणारा शिपाई वाटला काय? असं तो साहेबांना खणखणीत बोलला. मनातल्या मनात, अर्थात. बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसलं असतं की पन्नाशी ओलांडलेला एक माणूस पायात बूट घालून, मांडीवर डबा धरून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलाय आणि गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या स्टँडकडे भूत पाहिल्यासारखा बघतोय. पाहणारी त्याची बायकोच होती. ती म्हणाली, "अहो, स्टँडच आहे तो. काल पण होता."

काल स्टँड होता, पण काल घड्याळ वेगळं होतं. सगळी भानगड तिथून सुरू झाली. रोजच्यासारखा तो बूट चढवून, पिशवी खांद्याला लावून दाराशी आला, कडीवर हात ठेवला आणि सवयीनं मागे वळून स्वयंपाकघराच्या भिंतीवर नजर टाकली. काटे चक्क मागे होते. "घड्याळ बंद पडलंय," तो म्हणाला. "पडलं होतं. मी नवा सेल घातला," बायको म्हणाली. "मग मागं पडलंय." "मागं नाही. बरोबर आहे." बरोबर हा शब्द त्या घड्याळाच्या बाबतीत त्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. "बरोबर म्हणजे?" "बरोबर म्हणजे बरोबर. बाकीची माणसं वापरतात ना, ती वेळ. वीस वजा करून करून माझं डोकं झिजलं. दवाखान्यात पेशंटला 'दहा वाजता या' सांगताना सुद्धा मी वजा करते." "मला न विचारता केलंस?" "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही आधी साहेबांना विचारलं असतं."

तो खुर्चीवर बसला. वीस मिनिटं आकाशातून त्याच्या मांडीत पडली होती आणि ती धरायची कशी हे त्याला कळत नव्हतं. डबा धरला. वीस मिनिटं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. त्यात माणूस दाढी करील, भांडण करील, भांडण मिटवून परत करील. पण रिकामी, कुणाच्याही मालकीची नसलेली वीस मिनिटं त्यानं हातात कधी धरलीच नव्हती. तो आयुष्यभर सगळीकडे आधी पोचत आला होता. कामावर त्याचं नावच आधीराव पडलं होतं. लग्नाच्या हॉलवर तो अशा वेळी पोचायचा की मंडपवाला त्याला आपलाच माणूस समजून खुर्च्या उतरवायला लावायचा, आणि तो उतरवायचा. बायकोच्या घरी तिला पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हाही तसंच. दार तिनंच उघडलं होतं, डोक्याला तेल, एका हातात झाडू आणि झाडूच्या टोकाला मेलेलं झुरळ. आतून तिची आई ओरडली होती, "कोण गं?" आणि तिनं त्याला नखशिखांत न्याहाळून सांगितलं होतं, "उतावळा नवरा. गुडघ्याचं बाशिंग दिसत नाही, पण असणार." त्या एका दिवशी आधी पोचण्याचा त्याला फायदा झाला. बाकी सगळीकडे आधी पोचून तो फक्त वाट बघत उभा राहिला. आधी पोचणाऱ्याचं काम दुसरं काय असतं?

घड्याळ वडिलांचं. वडील शाळेत घंटा वाजवायचे. शाळेची घंटा त्यांच्या हातून कधी क्षणभर चुकली नाही, मुख्याध्यापक त्यांच्या घंटेवर मनगटावरचं घड्याळ लावायचे म्हणे. घरचं घड्याळ मात्र ते मुद्दाम पुढे ठेवत. पोरं वेळेवर आवरतील म्हणून. पहिले काही दिवस पोरं धावली. मग थोरल्या भावाला शोध लागला की घड्याळ खोटं बोलतं, आणि घरादाराला वजाबाकीची विद्या आली. आई भाजी चिरता चिरता वजा करायची. शेजारीण कपभर साखर मागायला आली की आधी वजा करायची, मग साखर मागायची. हे वडिलांच्या लक्षात आलं तेव्हा ते कुणाला न सांगता काटा आणखी पुढे सारू लागले. मग घरानं जास्त वजा करायला सुरुवात केली. वडील आणखी पुढे. वर्षानुवर्षं हे शीतयुद्ध चाललं, दोन्ही बाजूंना यश येत नव्हतं आणि वेळेवर कुणीच नव्हतं. वडील गेले ते त्याच घड्याळाखाली, त्याच्याकडेच बघत. दाखल्यासाठी डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता गेले?" सगळ्यांनी माना वर केल्या. आई म्हणाली वीस वजा करा, भाऊ म्हणाला पंधरा, तो स्वतः म्हणाला पंचवीस. डॉक्टर तिघांकडे बघत राहिले. शेवटी "सकाळी" असं लिहून ते निघून गेले. रडता रडता त्याला तेव्हा एक भयंकर विचार आला होता: बाबा अजून गेलेच नसतील, घड्याळच पुढे असेल. घड्याळ मग वाटणीत त्याच्याकडे आलं. भावानं सोफा घेतला.

आणि असा माणूस नशिबानं कुठे पडला, तर सूर्याबरोबर फिरणाऱ्या यंत्रांपाशी. शहराच्या टोकाला, जिथे शेवटच्या बसथांब्याला नाव नाही, तिथे वीज तयार करणारं ते मैदान आहे: काळ्या पॅनेलच्या लांबच लांब ओळी. पूर्वी असली पॅनेल एका कोनात ठोकून ठेवत. भरदुपारी ती ऐटीत असायची, सकाळी नि संध्याकाळी अर्धवट झोपेत. इथली तशी नाहीत. प्रत्येक ओळ एका लांब पोलादी नळीवर बसवलीय, मधे मोटार आहे, आणि मोटार नळीला हळूहळू वळवते; हाच ट्रॅकर. सकाळी पूर्वेला कललेली, दुपारी आभाळाकडे उताणी, संध्याकाळी पश्चिमेला. त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज एकसारखी निघते. ठोकलेली ओळ चार घास खाईल तिथे फिरती ओळ पाच खाते. वारा सुटला की सगळ्या ओळी आडव्या पडतात. त्याला मात्र सगळ्यात आवडायची ती सकाळ. रात्रभर सपाट पडलेल्या ओळी मंद गुरगुरत एकदम वळायला लागायच्या, ना घाई, ना उशीर. त्याच्या उभ्या आयुष्यात वेळेवर येणारी अशी ही एकच जमात त्याला भेटली होती. ती बघताना त्याचे खांदे आपोआप खाली यायचे. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली होती, "तुमचं त्यांच्याशीच लग्न लावायला हवं होतं."

साहेब मुख्य कार्यालयात बसतात. उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी लागतो. यांना फोन पुरतो. चार महिन्यांपूर्वी ते अचानक पाहणीला आले आणि त्यांना ड्यूटीच्या वेळेला दोन माणसं चहा पिताना दिसली. माघारी जाऊन त्यांनी फोन केला. "आधीराव, प्लँटमधली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढं करा. माणसं आपोआप वेळेवर येतील. सगळी म्हणजे सगळी." त्याला त्या आवाजात वडील ऐकू आले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यानं गेटवरचं पुढे केलं, कँटीनमधलं केलं, कंट्रोल रूममधलं केलं. आणि मग त्याला ट्रॅकरच्या पेटीतलं घड्याळ आठवलं. पॅनेलला डोळे नसतात, हे लोकांना माहीत नसतं. ती सूर्य बघून वळत नाहीत. आजची तारीख काय, आत्ता वाजले किती, यावरून पेटी गणित मांडते की सूर्य या क्षणी इथे असणार, आणि नळीला सांगते, तिकडे तोंड कर. ही वेळ पेटी स्वतःच उपग्रहाकडून घ्यायची. त्यानं ती सोय बंद केली आणि वेळ हातानं टाकली. पडद्यावर अक्षरं आली: नक्की? त्यानं होय दाबलं. आयुष्यात त्याला कुणी 'नक्की का' असं विचारण्याची ती पहिलीच खेप होती, आणि त्यानं जराही विचार न करता होय म्हटलं. सगळी म्हणजे सगळी, असाच हुकूम होता ना!

लोकांनी आठवड्याभरात वजा करायला सुरुवात केली आणि चहा पूर्ववत झाला. सकाळची वीज मात्र घसरली. साहेबांनी समिती नेमली. समिती पंख्याखाली बसली, मैदानात गेली नाही, कारण मैदानात ऊन होतं. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायानं समितीनं ठरवलं की फिरण्यातच दोष आहे. फिरतं यंत्र म्हणजे थेरं, ओळी सपाट झोपवून नळ्या वेल्ड करून टाका, न फिरणारी वस्तू कधी बिघडत नाही. ट्रॅकरची दुरुस्ती करणारा फिटर त्या दिवशी म्हणाला होता, "न फिरणारं बिघडत नाही, खरंय. म्हणून तर साहेब अजून टिकलेत." वेल्डर आज सकाळी यायचा होता. हे त्याला काल कळलं, आणि तो रात्री जेवला, झोपला, सकाळी उठून बूट चढवले. दुसरं काय करणार? हुकूमच होता. फक्त छातीत डाव्या बाजूला, खिशातल्या पेनाच्या आसपास, काहीतरी टोचत होतं. पेन काढून पाहिलं. टोचणं तसंच राहिलं.

तर अशा टोचणीसकट तो बूट घालून बसला होता आणि बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. घडीचा स्टँड, दोन बाजूंना दोन पंख. तिनं पुढच्या पंखावर टॉवेल टाकला आणि पंख उभा करून उन्हाकडे वळवला. टॉवेल छान उजळला, पण त्याची सावली मागच्या उशीच्या अभ्र्यांवर पडली. खालच्या कडेला एक काळी पट्टी. "छे," ती स्वतःशीच म्हणाली, "घाई केली. ऊन अजून खाली आहे." आणि तिनं पंख पुन्हा आडवा पाडला. टॉवेल जरा उन्हाला तिरका झाला, पण अभ्र्यांवरची पट्टी गेली, सगळ्यांना थोडं थोडं ऊन मिळालं. "वर आलं ऊन की उचलू," ती म्हणाली आणि आत आली.

त्याची नजर स्टँडवर खिळली. घाई केली. हेच ते. कोवळ्या उन्हात पेटी हेच तर करते: सूर्य खाली असताना ओळी त्याच्याकडे पुरत्या वळवत नाही, मुद्दाम जरा आडव्या ठेवते, म्हणजे पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडू नये, सूर्य जसा वर चढेल तसतशा उचलते. पण पेटीचं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. तिच्या मते सूर्य वर आलेला असायचा. ती रोज सकाळी ओळी वेळेच्या आधी उभ्या करत होती, पुढचीची सावली मागचीच्या खालच्या कडेवर पडत होती, आणि पॅनेलचं असं की बोटभर कड झाकली तरी त्याचा मोठा भाग मुका होतो. माणसं वजा करतात. पेटी वजा करत नाही. पेटीला कुणी सांगितलं नव्हतं की आपलं घर खोटं बोलतं. त्यानं एका प्रामाणिक यंत्राला स्वतःसारखं करून सोडलं होतं: सगळीकडे आधी पोचणारं, आणि आधी पोचून दुसऱ्याच्या उन्हात उभं राहणारं. ओळीच्या ओळी आधीराव! हा विचार इतका भयंकर होता की तो फिस्सकन हसला. बायकोनं विचारलं, "काय झालं?" आणि त्याच वेळी त्याच्या मनात ते भाषण सुरू झालं, दोष तुमचा आहे. भाषण झक्क होतं. संन्यासी आणि काँक्रीट तर फारच उत्तम. पण भाषण करताना त्याला ठाऊक होतं की साहेबांचा फोन आला की तोंडातून निघणार आहे ते 'हो साहेब'च. तो बायकोला म्हणाला, "निघतो." ती म्हणाली, "बसा की. वीस मिनिटं आहेत." "ती लागणार आहेत मला," तो म्हणाला.

बसमध्ये तो उभाच राहिला, जागा असून. मैदानात पोचला तेव्हा फिटर गेटवर होता. "आधीराव आज धावत? तब्येत बरी आहे ना?" तो न थांबता ओळींकडे चालू लागला आणि फिटर मागून आला. पहिल्या ओळीपलीकडे जाऊन तो वाकला. दुसऱ्या ओळीच्या खालच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावलीची पट्टी होती. तिसरीवर होती. चौथीवर होती. चार महिने तो रोज इथेच होता. पण तो कंट्रोल रूमच्या पडद्याकडे बघायचा, आणि ओळींकडे दुरून, प्रेमानं. प्रेमानं बघणाऱ्याला पट्टी दिसत नाही. "अभ्रा," तो म्हणाला. "काय?" "उशीचा अभ्रा." फिटरनं सावधपणे त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आधीराव, बसता का जरा?" तेवढ्यात वेल्डर आला, मशीन ढकलत, डोक्यावर मुखवटा उलटा टाकलेला. "कुठून सुरुवात करायची? ऊन चढायच्या आत उरकायचंय मला." "थांब," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडात नवा होता, पेढा असेल असं समजून तोंडात टाकलेल्या खड्यासारखा. "थांबायचं तर साहेबांनी सांगायला हवं," वेल्डर म्हणाला. तो काही चुकीचं बोलला नव्हता.

पेटी ओळीच्या टोकालाच होती. तो दार उघडून उभा राहिला आणि त्यानं फोन लावला. साहेबांचा आवाज नाश्त्यातून आला. "बोला आधीराव. वेल्डर पोचला?" "पोचलाय साहेब. पण वेल्ड करायचं नाहीये." "कोण म्हणतं?" हो-साहेब जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिला, बूट घालून, आधीच. त्यानं तो गिळला. मग त्यानं सगळं सांगितलं. झक्क भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही. संन्यासी पळून गेला होता. टॉवेल, अभ्रा, पट्टी, पेटी, असं काहीतरी तो बोलत गेला, आणि शेवटी म्हणाला, "दोष घड्याळाचा आहे. म्हणजे तुमच्या हुकमाचा. आणि तो डोळे मिटून पाळणाऱ्या माझा." फिटरनं टोपी काढली. वेल्डरनं मुखवटा खाली ओढला.

फोनमध्ये चमचा वाजला. "मला एक सांगा," साहेब म्हणाले, "घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे हे गेटवाल्याला माहीत आहे?" "आहे." "कँटीनवाल्याला?" "आहे." "मग त्या मशीनलाच का नाही? तिला सांगा ना, वजा कर म्हणून!" "मशीन वजा करत नाही साहेब. माणसंच वजा करतात." आणि बोलल्याबरोबर त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. साहेबांचा आवाज एकदम दुखावला, अगदी वडिलांसारखा, भावाला वजा करताना पकडलं होतं त्या दिवसासारखा. "म्हणजे? माणसं वजा करतात? सगळी?" "सगळी." "केव्हापासून?" "पहिल्या आठवड्यापासून, साहेब." पुन्हा चमचा. "ठीक आहे. मग असं करा. घड्याळं आणखी दहा मिनिटं पुढं घ्या. आणि वेल्डिंगचं बघू."

त्याला हसू आलं, पोटातून. तीस वजा करणारी आई, पंचवीस वजा करणारा भाऊ, मागे पडत पडत शेवटी कालच्या दिवसात जाऊन पोचलेलं सगळं घराणं त्याला दिसलं, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर सूर्य, वजा न करता, आपला चाललेला. "घेतो साहेब," तो म्हणाला, "भिंतीवरची सगळी घेतो. तासभर पुढं घेतो म्हणाल तर. पेटीचं नाही." फोन कानाशी तसाच ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं उपग्रहाची सोय पुन्हा चालू केली. पडद्यानं विचारलं: नक्की? या वेळी त्यानं अक्षरं नीट वाचली. मग दाबलं. मोटारी गुरगुरल्या. ओळी, पहिलीपासून थेट दिसेनाशा होईपर्यंतच्या, एकदम जरा मागे रेलल्या, आणि पट्टी कडेवरून घसरून मातीत पडली. "अरे तिच्यायला!" फिटर म्हणाला. वेल्डरनं मुखवटा वर करून पाहिलं आणि नळीवर ठेवलेला हात काढून घेतला.

"हॅलो? कसला आवाज झाला? आधीराव, मी नंतर बोलतो, मीटिंग आहे," साहेब म्हणाले.

"मीटिंग तुमच्या घड्याळानं की बरोबर घड्याळानं?" तो म्हणाला. "ठेवू नका साहेब. वेल्डर इथे हातात रॉड धरून उभाय. त्याला 'बघू' असं वेल्ड करता येत नाही. करायचं का नाही, ते बोला. आणि सूर्यानं यायचं कुणाच्या हुकमानं, तेही एकदा सांगून टाका, म्हणजे मी त्याला कळवतो. मला घाई नाही. आज माझ्याकडे वीस मिनिटं आहेत, माझ्या मालकीची. मी धरून उभा आहे. उत्तर द्या."